सुईचा रिपोर्ट आणि ऑपरेशनची तारीख

गळ्याला गाठ आली की सल्ला मागावा लागत नाही, तो आपणहून घरी येतो. मला कुणी कोबी बंद करायला सांगितलं, कुणी साधं मीठ सोडून सैंधव खायला लावलं, कुणी कांचनार गुग्गुळाची डबी हातात ठेवली. केडगावच्या नातेवाइकांनी तर फोनवरच निकाल दिला, "काढूनच टाका वहिनी, उगाच कॅन्सर निघाला तर?" गाठ कसली आहे हे यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं, पण तिचं काय करायचं हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

गाठ आधी दिसली सासूबाईंना. मी तांब्यानं पाणी पीत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या नरड्यात काहीतरी वरखाली होतंय." थायरॉईडची ग्रंथी श्वासनलिकेला धरून असते, म्हणून तिच्यातली गाठ घोट गिळताना वर सरकते. दुखत काहीच नव्हतं. गुऱ्हाळ जोरात होतं, माणसं हाताखाली होती. "ऊस जाऊ द्या, मग बघू" हे आमच्या यवतकडचं सगळ्या दुखण्यांवरचं पहिलं औषध. न दुखणाऱ्या, न वाढणाऱ्या गाठीला थोडा उशीर झाला तर बहुधा काही बिघडत नाही. पण आवाज घोगरा होऊन तीन-चार आठवडे सुटला नसेल, गाठ दगडासारखी टणक लागत असेल, झपाट्यानं वाढत असेल, मानेत आणखी गाठी हाताला लागत असतील किंवा घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर झालेला असेल, तर ऊस शेतात उभा राहू द्या आणि आधी दवाखाना गाठा.

यवतच्या डॉक्टरबाईंनी दोनच गोष्टी लिहून दिल्या : रक्तातला टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन) आणि मानेची सोनोग्राफी. सुरुवात याच दोन तपासण्यांनी व्हायला हवी. त्यांनी विचारलं, "केसांसाठी गोळ्या घेताय का?" घेत होते. त्या गोळ्यांत बायोटिन असतं आणि त्यामुळे बऱ्याच लॅबमध्ये टीएसएच खोटा कमी दिसू शकतो. गोळ्या दोन-तीन दिवस बंद ठेवून मगच रक्त दिलं. टीएसएच खरोखर कमी असेल तर रस्ता वेगळा : मग आयसोटोप स्कॅन करतात. गाठच जादा हार्मोन तयार करत असेल, तर ती कॅन्सरची असण्याची शक्यता फार थोडी असते आणि उपचारही निराळे असतात. माझा टीएसएच नॉर्मल आला. सोनोग्राफीत डाव्या बाजूला २.८ सेंटिमीटरची गाठ, खाली लिहिलेलं 'टायरॅड्स ३', म्हणजे सोनोग्राफीवरून गाठीच्या संशयाला दिलेला नंबर.

मग पुण्याला एका खासगी सर्जनकडे गेलो. रुग्णालयाचं नाव इथे नको. त्यांनी रिपोर्ट वाचला, गळा चाचपला आणि म्हणाले, "पूर्ण ग्रंथीच काढून टाकू, कायमची कटकट मिटेल." पुढच्या आठवड्यातली तारीख आणि आगाऊ रकमेचा आकडाही लगेच मिळाला. मी सुईच्या तपासणीबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "सुई टोचली की पसरतं." आमचे हे पैशांची जुळवाजुळव मनातल्या मनात करायला लागले होते.

मी तारीख घेतली नाही, त्याला कारण माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांची पूर्ण ग्रंथी आधीच काढलेली आहे. काढल्यानंतर तपासणीत गाठ साधी निघाली. आता रोज पहाटे उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, शिवाय कॅल्शियम, ते चुकलं की बोटं आणि ओठ मुंग्या आल्यासारखे बधिर. थायरॉईडच्या मागे मसूरडाळीएवढ्या सहसा चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात आणि पूर्ण थायरॉईड काढताना त्यांना इजा होऊ शकते. आवाजाची नसही तिथूनच जाते. ऑपरेशन वाईट असं मी म्हणत नाही. पण 'कटकट मिटेल' हे वाक्य जाऊबाईंच्या बाबतीत खरं झालं नाही, हे मी रोज बघते.

सुईच्या तपासणीला रिपोर्टवर एफएनएसी म्हणतात. मी पुण्याच्या ससून रुग्णालयात केसपेपर काढला, रांगेत उभी राहिले आणि करून घेतली. इंजेक्शनपेक्षाही बारीक सुई, सोनोग्राफीत बघून टोचतात. तेवढा वेळ बोलायचं नाही, आवंढा गिळायचा नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. दुखणं म्हणावं तर दात काढण्याच्या निम्मंही नाही. सुईनं कॅन्सर पसरल्याचे प्रकार इतके दुर्मीळ आहेत, की त्या भीतीनं तपासणी टाळणं शहाणपणाचं नाही. उलट प्रत्येक गाठीला सुई लागत नाही, हेही खरं. टायरॅड्सची जी पद्धत जास्त वापरतात तीत ३ नंबरच्या गाठीला २.५ सेंटिमीटरपासून पुढे, ४ नंबरला १.५ पासून आणि ५ नंबरला १ सेंटिमीटरपासून सुई सुचवतात. माझी २.८ होती, म्हणून लागली.

सुईच्या रिपोर्टवर 'बेथेस्डा' आणि पुढे १ ते ६ मधला आकडा असतो. २००७ साली अमेरिकेतल्या त्या गावी झालेल्या बैठकीतून ही वर्गवारी आली. १ म्हणजे नमुना पुरेसा आला नाही, पुन्हा सुई. २ म्हणजे साधी गाठ; यात कॅन्सर निघण्याचं प्रमाण सहसा शंभरात तीन-चारापलीकडे जात नाही. ५ म्हणजे दाट संशय, ६ म्हणजे कॅन्सर. या दोन्हींत टाळाटाळ नको, सर्जनला भेटायचंच. माणूस अडकतो तो मधल्या ३ आणि ४ मध्ये. ३ असेल तर बहुतेक वेळा काही काळानं पुन्हा सुई करतात. ४ मध्ये सुईला उत्तर देताच येत नाही, कारण पेशी गाठीच्या आवरणाबाहेर गेल्या आहेत का हे गाठ काढल्याशिवाय कळत नाही. अशा वेळी ऑपरेशन सुचवलं तर बिचकू नका, फक्त अर्धी ग्रंथी काढून चालेल का ते विचारा. अर्धी शिल्लक राहिली तर अनेकांना जन्मभराची गोळी लागत नाही.

माझा आकडा २ आला. केडगावचे नातेवाईक तरीही म्हणाले, "शंभरात तीन म्हणजे आहेच की शंका." त्यांना मी दक्षिण कोरियाची गोष्ट सांगितली. तिथे साध्या आरोग्य तपासणीत थोडे पैसे घेऊन सरसकट मानेची सोनोग्राफी होऊ लागली. २०११ साली थायरॉईड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं होतं, पण त्यानं मरणाऱ्यांचं प्रमाण होतं तिथंच राहिलं. म्हणजे कधीच त्रास न देणारे बारीक कॅन्सर शोधून बहुतेकांची ऑपरेशनं केली गेली. त्यांतल्या पंधरा हजारांहून जास्त लोकांच्या विम्याच्या नोंदी बघितल्या, तेव्हा शंभरात अकरा जणांच्या पॅराथायरॉईड दुबळ्या झालेल्या निघाल्या, दोघांची स्वरयंत्राची नस गेलेली. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि ऑपरेशनं झपाट्यानं कमी झाली. जपानात कोबे इथल्या कुमा रुग्णालयात १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतचे, कमी धोक्याचे कॅन्सरसुद्धा लगेच न कापता नजरेखाली ठेवतात. कॅन्सरबाबत ही सोय असेल, तर साध्या गाठीला एवढी घाई कशाची? नातेवाइकांनी विषय बदलला.

साध्या गाठीचंही कधी ऑपरेशन करावं लागतं. घास अडकतो, आडवं झाल्यावर श्वास कोंडतो, गाठ चार सेंटिमीटरच्या वर गेली, छातीच्या हाडामागे उतरली किंवा फुगलेला गळा आपल्यालाच बघवत नाही, ही सगळी रास्त कारणं आहेत. शेवटचं कारण सांगायला बायका लाजतात, लाजू नये. मोठ्या शहरांत काही ठिकाणी सुईतून उष्णता देऊन गाठ आकसवण्याचा उपचारही मिळतो, त्याला आरएफए म्हणतात. मात्र त्याआधी गाठ साधी असल्याचं सहसा दोनदा सुईनं पक्कं करून घ्यायला हवं. टीएसएच नॉर्मल असताना गाठ विरावी म्हणून थायरॉक्सिन सुरू करायचा जुना प्रघात आता मागे पडला आहे. जादा थायरॉक्सिननं हृदयाचे ठोके बिघडतात आणि पाळी गेलेल्या बाईची हाडं ठिसूळ होतात. कोणी अशी गोळी लिहून दिली तर कारण विचारा.

आता सुरुवातीला मिळालेले सल्ले. सैंधव तर बंदच करा. त्यात पुरेसं आयोडीन नसतं, आणि आयोडीनच्या कमतरतेनं गलगंड होतो म्हणून तर १९६२ पासून देशात आयोडीनयुक्त मिठाचा कार्यक्रम चालू आहे. आयोडीनचं मीठ घरात असेल तर शिजवलेल्या कोबीनं काही होत नाही. गुग्गुळाची डबी मी परत केली. त्यानं गाठ विरघळल्याचा भरवशाचा पुरावा मला कुणी दाखवला नाही.

खर्चाचं एक सांगते. ऑपरेशन खरोखर लागणार असेल तर पैसे जुळवण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या. ऊस बिलावर उचल काढण्याची वेळ कदाचित येणार नाही. सर्जनला विचारायला लाजू नका : वर्षाला थायरॉईडची किती ऑपरेशनं करता? ज्याचा हात रोजचा, त्याच्याकडे नसा आणि पॅराथायरॉईड जास्त सुरक्षित राहतात.

माझी सोनोग्राफी आता वर्षाच्या अंतरानं होते, जुना रिपोर्ट बरोबर नेऊन. गाठ किमान दोन बाजूंनी वीस टक्क्यांवर वाढली तर पुन्हा सुई, नाहीतर नाही. यवत, पाटस, केडगाव, भांडगाव कुठेही कुणाच्या हातात थायरॉईडच्या ऑपरेशनची तारीख असेल आणि फाईलमध्ये सुईचा रिपोर्ट नसेल, तर तो का नाही हे डॉक्टरांना विचारा. पटणारं उत्तर मिळालं नाही तर तारीख पुढे ढकला आणि दुसऱ्या डॉक्टरांना फाईल दाखवा.