*परसबाग संदेश : होळीनंतरची साफसफाई, नवी पालवी*



हरभरा, गहू घरात येतोय, त्यामुळे घरामागच्या झाडांकडं बघायला सध्या कुणाला फुरसत नाही. पण अमडापूर भागात होळी ते पाडवा हेच दिवस महत्त्वाचे. एकीकडं पानगळ, दुसरीकडं नवी पालवी. या पंधरवड्यात जे कराल त्यावर मागच्या पावसाळ्यात लावलेलं रोप उन्हाळा काढेल की नाही, ते ठरतं.

*१) पाला पेटवू नका*
झाडून गोळा केला आणि काडी लावली, ही सवय सोडा. वारा सुटला की ठिणगी कुटाराच्या गंजीवर किंवा गोठ्यावर जायला वेळ लागत नाही. सावलीत तीन फूट लांब-रुंद, तीन फूट खोल खड्डा घ्या. पाल्याचा एक थर, त्यावर शेणकाला, मग पुन्हा पाला. ओल टिकवा, महिन्यानं एकदा वरखाली करा. आज भरलेला खड्डा मृगाच्या लागवडीला कामी येतो.
कोपऱ्यातला पाला, विटा, लाकडं हातानं उचलू नका. पायात बूट, हातात काठी असू द्या. थंडाव्याला विंचू, साप तिथंच बसतात.

*२) आंब्याचं कलम*
कलम बांधतानाची प्लास्टिक पट्टी अजून खोडावर असेल तर आजच ब्लेडनं सोडवा. खोड फुगतं, पट्टी ताणत नाही, आणि झाड तिथंच आवळलं जातं. सांध्याच्या खालून आलेली फूट गावरान झाडाची असते, ती काढून टाका. नाहीतर कलम मरतं आणि गावरान वाढतं.
तीन वर्षांच्या आतल्या कलमाला मोहोर किंवा बारीक कैऱ्या असतील तर तोडा. लेकरं नाराज होतील, जीव आपलाही तुटतो. पण चार कैऱ्यांपायी झाडाची वाढ खुंटते.

*३) लिंबू*
वाळलेल्या काड्या म्हणजे सल, आणि खोडावरून सरळ वर गेलेले पाणसोट, एवढंच काढा. हिरव्या जाड फांद्या आता कापू नका, उन्हानं साल भाजते.
कापलेल्या जागी आणि खोडाला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवा, मग एकत्र करा. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडी नको. तयार पेस्टमध्ये लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस झाला तर चुना कमी पडला, थोडा वाढवा. पेस्ट त्याच दिवशी वापरा.
कोवळ्या पानांवर नागमोडी पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती पाने पोखरणारी अळी. ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा.

*४) शेवगा*
शेंगा चालू असतील तर थांबा. शेवटची शेंग निघाली की झाड साधारण तीन फुटांवर छाटा. उंच वाढू दिलं तर शेंगा हाताला येत नाहीत आणि वादळात फांद्या मोडतात.

*५) पाणी आणि आच्छादन*
खोडाशी पाणी ओतू नका, डिंक्या रोग येतो. खोडाभोवती मातीची भर द्या आणि फांद्यांच्या घेराखाली गोल आळं करा. त्यात सोयाबीनच्या कुटाराचा तीन-चार बोटं थर द्या, खोडापासून वीतभर सोडून. उधळी दिसली तर तिथलं कुटार हलवा. पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर.
पाण्याची ओढ असेल तर बुडाशी बारीक छिद्र पाडून, त्यात सुती वात घातलेलं मडकं रोपाजवळ पुरा. पाणी थेंबाथेंबानं मुळाशी जातं.

*६) रिकामा वाफा*
पाणी पुरत असेल तरच भेंडी, गवार, चवळी लावा. पाणी तोकडं असेल तर ते आधी फळझाडांना द्या. भाजीचा वाफा पुढच्या हंगामात पुन्हा लावता येतो. दोन वर्षांचं कलम वाळलं तर दोन वर्षंच गेली.

उद्या सकाळचं पहिलं काम : कलमावरची पट्टी बघा. दहा मिनिटंही लागत नाहीत.

पानांवर काही वेगळं दिसलं तर पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो उजेडात काढून ग्रुपवर टाका. 🌱