चित्रकाराचा लघुग्रह

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. ग्रहताऱ्यांशी आपला संबंध कवितेपुरता, असे पुष्कळदा ऐकू येते. हे मत मला मान्य नाही, आणि माझ्या बाजूने साक्ष द्यायला मी एका चित्रकारालाच बोलावतो.

हेर्मान गोल्डश्मिट हा मूळचा फ्रँकफुर्टचा. म्युनिकला चित्रकला शिकून तो पॅरिसमध्ये स्थायिक झाला. १८४७ साली ल व्हेरिए या ज्योतिर्विदाचे व्याख्यान ऐकून, चाळिशी उलटलेल्या या गृहस्थाला आकाशाचे वेड लागले. चित्रांच्या मिळकतीतून त्याने लहानशी दुर्बीण घेतली. कॅफे प्रोकोप या उपाहारगृहाच्या वरची राहती जागा हीच त्याची वेधशाळा!

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान असंख्य लघुग्रह सूर्याभोवती फिरतात. लहान दुर्बिणीतून लघुग्रह ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो. मग तो ओळखावा कसा? ताऱ्यांची एकमेकांतील मांडणी बदलत नाही. लघुग्रह मात्र त्यांच्यामधून सरकतो. आकाशाचा एक तुकडा नकाशाशी ताडून पाहायचा, अनोळखी ठिपका आढळला की पुढच्या रात्री तो हलला का ते तपासायचे. या कामी छायाचित्रणाचा उपयोग १८९१ पासून होऊ लागला; तोपर्यंत सारी भिस्त डोळ्यांवर. मला वाटते, मांडणीतला बारीक फरक टिपण्याची चित्रकाराची सवय येथे नक्कीच कामी आली असेल.

१५ नोव्हेंबर १८५२ रोजी गोल्डश्मिटला असा ठिपका सापडला. क्रमाने तो एकविसावा लघुग्रह. तोवरची बहुतेक नावे ग्रीक-रोमन देवतांची होती. याला मात्र अरागो या ज्योतिर्विदाने 'ल्युटेशिया' हे नाव सुचवले. रोमन काळातील पॅरिसचे हे लॅटिन नाव. ज्या शहरातून तो दिसला, त्याचेच नाव त्याला मिळाले.

सूर्यापासून सरासरी सुमारे ३६ कोटी कि.मी. अंतरावर असलेल्या ल्युटेशियाला एका प्रदक्षिणेस ३.८ वर्षे लागतात. १० जुलै २०१० रोजी 'रोझेटा' यान त्याच्यापासून सुमारे ३,२०० कि.मी. अंतरावरून गेले. यानाने पाठवलेल्या छायाचित्रांत खड्ड्यांनी भरलेला, सुमारे १०० कि.मी. व्यासाचा ओबडधोबड खडक दिसला. त्याच्या शोधकाने आयुष्यभर फक्त ठिपकाच पाहिला होता.

गोल्डश्मिटने एकंदर चौदा लघुग्रह शोधले. १८६१ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. शास्त्राच्या दाराशी त्याला कोणी शाखा विचारली नाही. मित्रहो, मग ती आपणच आपल्याला का विचारावी?