स्थूल व्यक्तीचे धावणे : श्वासाची मर्यादा आणि संधींची मर्यादा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूल व्यक्तीचे जे आठ दोष वर्णिले आहेत, त्यांत आयुष्याच्या ऱ्हासानंतर लगेच जवोपरोधाचा उल्लेख येतो. जव म्हणजे वेग. मेदाच्या शैथिल्यामुळे, सौकुमार्यामुळे आणि गुरुत्वामुळे हा वेग अडतो, अशी त्याची कारणमीमांसा तेथे केलेली आहे. स्वेदाबाधाची कारणे सांगताना स्थूल व्यक्तीला व्यायाम सोसत नाही, हेही कारण दिले आहे. तरीही त्याच अध्यायातील चिकित्सेत व्यायाम सांगितलेला आहे. मात्र तो क्रमाक्रमाने वाढवावा, असे स्पष्ट बजावून. ज्याला व्यायामाची सर्वाधिक आवश्यकता, त्यालाच तो सर्वांत कमी सोसतो, ही अडचण आचार्यांना पूर्ण ठाऊक होती, हे यावरून दिसते.

हा विषय आज मुद्दाम घेण्याचे कारण असे, की २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यानंतर आपल्याकडील शहरांतून धावण्याची हौस झपाट्याने पसरली. दिवाळी उलटली, की 'जानेवारीत धावायचे आहे, काहीतरी ताकदीचे औषध द्या' असे म्हणत येणारे चाळिशीचे, पोट सुटलेले गृहस्थ बहुतेक चिकित्सालयांत आणि औषधांच्या दुकानांत दिसतात. त्यांना 'तुम्ही धावू नका' असे सांगून परत पाठविणे सोपे आहे. पण ते योग्य नव्हे. स्वतःहून हालचालीस प्रवृत्त झालेला स्थूल रुग्ण चिकित्सकाला वारंवार लाभत नाही. त्याला धावू द्यावे, परंतु कोणत्या मापाने, हा खरा प्रश्न आहे.

बलार्धाचे लक्षण

व्यायाम अर्धशक्तीनेच करावा, हा नियम आपण सर्वजण जाणतो. त्याचे व्यवहारातले माप मात्र पुष्कळदा चुकते. उत्तरकालीन ग्रंथांत काखा, कपाळ, नाक व सांधे यांवर येणारा घाम आणि मुखशोष ही बलार्धाची लक्षणे दिली आहेत आणि रुग्णाला सहसा तीच सांगितली जातात. स्थूल रुग्णाच्या बाबतीत घामाचे हे लक्षण भरवशाचे नाही, असे आमचे मत आहे. ज्याला मुळातच स्वेदाबाध आहे, त्याला दुकानापर्यंत चालत गेले तरी कपाळावर घाम येतो. तेव्हा घामावरून मोजू गेल्यास त्याचा व्यायाम सुरू होण्यापूर्वीच संपेल. उलट शिशिरातील पहाटे, कोरड्या थंडीत, घाम उशिरा दिसतो आणि तोपर्यंत मर्यादा ओलांडली गेलेली असते.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात सांगितलेले लक्षण याहून अधिक उपयुक्त आहे. व्यायाम करताना हृदयस्थानी असलेला वायू मुखाशी येऊ लागला, की बलार्ध झाले असे समजावे. सोप्या भाषेत, नाकाने चालणारा श्वास अपुरा पडून तोंड उघडावे लागले, की थांबण्याची वेळ आली. आधुनिक व्यायामशास्त्रात जिला बोलण्याची कसोटी म्हणतात, तिचा आशय जवळपास हाच आहे : श्रम चालू असताना एक संपूर्ण वाक्य न तुटता बोलता आले, तर श्रम मध्यम आहे, दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर तो तीव्र झाला. नासारोध वा प्रतिश्याय असलेल्यांना नाकाची कसोटी लागू पडत नाही. त्यांना वाक्याची कसोटी द्यावी.

ही कसोटी प्रामाणिकपणे लावली, तर एक गोष्ट ध्यानात येते. सवय नसलेल्या स्थूल माणसाचे बलार्ध धावताना अर्ध्या-पाऊण मिनिटातच येते. म्हणून त्याने सलग धावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. थोडे धावणे, श्वास पुन्हा नाकाने चालू लागेपर्यंत चालणे, पुन्हा थोडे धावणे, हाच त्याचा मार्ग होय. पाश्चात्त्य देशांत नवशिक्यांसाठी रूढ झालेला नऊ आठवड्यांचा कार्यक्रमही एक मिनिट धावणे व दीड मिनिट चालणे यापासूनच आरंभ होतो. आमच्या मते स्थूल रुग्णाला तोही जड जातो.

श्वासाची कसोटी जेथे अपुरी पडते

येथपर्यंतचे विवेचन बहुतेक वैद्यांना मान्य होईल. यापुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे आणि तोच वारंवार दुर्लक्षिला जातो. बलार्धाची कसोटी हृदय आणि फुप्फुसे यांचे रक्षण करते. गुडघा, घोटा, पोटरी आणि टाच यांचे नाही. नियमित सरावाने श्वास काही आठवड्यांतच सुधारतो. अस्थी, कंडरा व स्नायू यांना नव्या भाराशी जुळवून घेण्यास महिने लागतात. त्यामुळे पाचव्या-सहाव्या आठवड्यात रुग्णाला एकदम हुरूप येतो, श्वास लागत नाही म्हणून तो अंतर दुप्पट करतो आणि नडगी धरून किंवा टाच दुखते म्हणून आपल्याकडे येतो. दुखापतींचा काळ हाच.

भाराचा हिशेब रुग्णाला समजावून सांगावा. चालताना पावलागणिक जमिनीकडून येणारा धक्का शरीराच्या वजनापेक्षा किंचितच अधिक असतो; धावताना तो वजनाच्या दोन ते तीन पट होतो. ९६ किलो वजनाच्या माणसाच्या एका पायावर प्रत्येक पावलाला सुमारे दोनशे ते तीनशे किलोंचा भार येतो आणि अशी दीडशेहून अधिक पावले तो एका मिनिटात टाकतो. उलट, वजन घटल्याचा लाभही तसाच गुणित होतो : गुडघेदुखीच्या स्थूल रुग्णांवरील २००५ च्या एका अभ्यासात एक किलो वजन उतरल्यास चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलामागे सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे आढळले. धावण्याआधी चालण्यानेच तीन-चार किलो उतरविणे किती मोलाचे, हे यातून रुग्णाला चटकन पटते.

'धावल्याने गुडघे झिजतात' हा समज मात्र सरसकट खरा नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासात हौसेने धावणाऱ्यांत गुडघा व खुबा यांचा संधिवात सुमारे साडेतीन टक्के, तर बैठ्या लोकांत सुमारे दहा टक्के आढळला. परंतु हौसेने धावणारे हे बहुतांशी सडपातळ लोक असतात. त्यांचा आकडा शंभर किलोंच्या रुग्णाला जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. स्थूलांविषयी अधिक थेट माहिती डेन्मार्कमधील नवोदित धावणाऱ्यांच्या अभ्यासातून २०१४ मध्ये मिळाली. ज्यांचा शरीरभारांक ३० हून अधिक आहे, त्यांनी पहिल्या आठवड्यात एकूण तीन किलोमीटरांहून कमी धावून आरंभ करावा, असा त्याचा निष्कर्ष होता. लक्षात घ्यावे, तीन किलोमीटर हे संपूर्ण आठवड्याचे, एका दिवसाचे नव्हे.

क्रम कसा बसवावा

अहिताचा त्याग आणि हिताचे सेवन पादांशाने, म्हणजे चतुर्थांशाच्या हिशेबाने करावे, हा चरकोक्त क्रम येथे फार उपयोगी पडतो. समजा, रुग्णाचे वय ४४, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९६ किलो आहे. शरीरभारांक ३४ येतो. (भारतीयांसाठी २३ पासून अतिभार व २५ पासून स्थौल्य मानतात.) प्रथम सहा आठवडे केवळ चालणे; अर्धा तास भरभर चालूनही दुसऱ्या दिवशी सांधे कुरकुरत नाहीत, ही पुढे जाण्याची अट. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, अर्धा मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे अशी आठ आवर्तने करावीत. यात धावणे अवघे चार मिनिटांचे होते. ताशी सात किलोमीटरच्या संथ गतीने ते दिवसाला सुमारे पावणेपाचशे मीटर आणि आठवड्याला सुमारे १,४०० मीटर भरते. रुग्णाला हे हास्यास्पद वाटते. वाटू द्यावे.

पुढील वाढ धावण्याच्या एकूण मिनिटांच्या चतुर्थांशाने करावी. चाराची पाच मिनिटे, पाचाची सव्वासहा. प्रत्येक पायरीवर एक नव्हे, दोन आठवडे थांबावे. वाढीची परवानगी श्वासाने नव्हे, तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळने द्यावी : अंथरुणातून उठून पहिली दहा पावले टाकताना टाच, गुडघा किंवा नडगी दुखली, तर त्या दिवशी धावणे नाही, पुढच्या वेळी एक पायरी खाली. दोन्ही पोटऱ्या सारख्याच आंबल्या असतील, तर चिंता नको. एकाच जागी बोट ठेवून दाखविता येणारी वेदना मात्र गंभीर समजावी.

पावले लहान व जलद टाकावीत. लांब ढांगा टाकून टाच पुढे आपटल्याने गुडघ्यावरचा भार वाढतो. मैदानाची सपाट माती सर्वोत्तम. उखडलेल्या पदपथापेक्षा शाळेचे पटांगण बरे. मांड्या घासून त्वचा सोलवटणे ही स्थूलांची नेहमीची तक्रार असून लाजेपोटी ती कोणी सांगत नाही आणि धावणे मात्र सोडून देतात. तेथे आधीच थोडे तेल लावावे व घट्ट विजार घालण्यास सांगावे. सर्वांगास नित्य स्निग्ध अभ्यंग करण्याऐवजी त्रिफळा किंवा कुळीथ यांच्या चूर्णाचे रूक्ष उद्वर्तन या रुग्णांस अधिक योग्य होय.

ऋतूचा विचार विसरू नये. अर्धशक्तीपर्यंतचा व्यायाम शीतकाळी आणि वसंतात, तोही बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीसाठी सांगितला आहे. इतर ऋतूंत त्याहून कमी. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे हा धावण्यास आरंभ करण्याचा काळ नव्हे. दिवाळीनंतर चालणे सुरू केलेला रुग्ण जानेवारीत अर्ध्या मिनिटाच्या पायरीवर असेल. त्याला त्याच महिन्याच्या स्पर्धेचे स्वप्न दाखवू नये. पुढच्या वर्षाची नोंदणी करावी.

आहाराविषयी थोडेच. स्थौल्यात मेदाने मार्ग आवृत झालेला वायू कोष्ठात फिरून अग्नी प्रदीप्त करतो व भूक अनावर होते; धावण्याने ती अधिक भडकते आणि चार मिनिटांच्या धावण्यावर दोन वडापाव होतात. अपतर्पण करणारे अन्न, म्हणजे जव, मूग, कुळीथ, हे येथे नेमके काम करते. धावणे आणि कडक उपवास एकाच वेळी सुरू करू नयेत. त्यात मेदाआधी मांसधातू व बल जाते.

आरंभापूर्वीची परीक्षा

छातीत दाब येणे, जिना चढताना अनपेक्षित धाप, भोवळ, किंवा जवळच्या नातलगाचा अल्पवयात आकस्मिक मृत्यू, यांपैकी काहीही असल्यास हृदयतज्ज्ञांकडून तपासणी होईपर्यंत धावणे वर्ज्य. दीर्घकालीन मधुमेही व्यक्तीस तक्रार नसली तरी हाच नियम लावावा. तिच्या तळपायांची संवेदना व जखमाही स्वतः पाहाव्यात. रक्तदाब १८०/११० वा त्याहून अधिक असेल, तर आधी तो आटोक्यात आणावा. मोठ्याने घोरणाऱ्या व दिवसा पेंगणाऱ्या रुग्णाला झोपेतील श्वासावरोधाविषयी अवश्य विचारावे. आपला अधिकार जेथे संपतो, तेथे चिठ्ठी लिहून पाठविण्यात कमीपणा नाही.

औषधविक्रेत्यांसाठी

धावू लागलेला स्थूल रुग्ण वैद्यापेक्षा आपल्या दुकानात अधिक वेळा येतो, म्हणून हे स्वतंत्र लिहीत आहोत. धावण्यापूर्वी घेण्यासाठी वेदनाशामक गोळी मागितल्यास ती देऊ नये. वेदना हीच संधींची मर्यादा सांगणारी एकमेव खूण आहे. ती बुजवली, तर रुग्ण आंधळेपणाने धावेल, शिवाय घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात अशा गोळ्या वृक्कांना अपाय करतात. ग्लिमेपिराइडसारखी औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यास धावताना साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. त्याने आधी साखर मोजावी, ती ९० च्या खाली असेल तर काही खाऊन थांबावे आणि खिशात साखर ठेवावी. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल यांसारख्या औषधांनी नाडी वाढत नाही, तेव्हा मनगटी घड्याळावरच्या ठोक्यांवर विसंबणाऱ्या रुग्णास श्वासाची कसोटीच द्यावी; साखर उतरल्यावर होणारी धडधडही या औषधांनी झाकली जाते. २०२५ पासून भारतात मिळू लागलेली टिर्झेपॅटाइडची इंजेक्शने घेणाऱ्यांची भूक फार कमी होते. त्यांनी पुरेसे पाणी व प्रथिने घेतल्याखेरीज धावू नये.

'चरबी जाळणाऱ्या' चूर्णांबद्दल स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. सिब्युट्रामिन हे द्रव्य हृदयास अपायकारक ठरल्याने भारतात २०११ मध्ये बंद झाले, तरी वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत ते लपवून मिसळल्याचे निरनिराळ्या देशांत सापडत राहिले आहे. आपल्या श्वासचिकित्सेत वापरली जाणारी सोमलता घ्या. तिच्याच वर्गातील वनस्पतीचे क्षाराभ असलेली वजन घटविण्याची उत्पादने अमेरिकेने २००४ मध्ये बंद केली. त्याच्या आदल्या वर्षी तेथील एक तरुण बेसबॉलपटू असे उत्पादन घेऊन उन्हात सराव करताना दगावला होता. द्रव्य वनस्पतिज असणे म्हणजे श्रम आणि उष्णता यांच्या जोडीने निरुपद्रवी असणे नव्हे. स्थौल्याच्या उपचारांची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याच्या अनुसूचीत येते, हेही ध्यानात ठेवावे; अशी पत्रके व डबे फळीवर मांडण्याआधी घाऊक विक्रेत्याकडे उत्पादन परवाना आणि घटकद्रव्यांचा तपशील लेखी मागावा.

गुग्गुळकल्प, त्रिफळा, शिलाजतू यांचे स्थान चिकित्सेत आहे व राहील. परंतु यांपैकी कोणताही कल्प अर्ध्या मिनिटाचे बलार्ध पाच मिनिटांवर नेत नाही. ताकदीचे औषध मागणाऱ्या गृहस्थाला कागदावर त्याची पहिली पायरी लिहून द्यावी, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी परत बोलवावे, आणि आल्यावर प्रथम हे विचारावे, की काल सकाळी अंथरुणातून उतरताना कुठे दुखले काय?