सर्व्हर उठत नाही, तेव्हा कुणाला फोन जातो?

निकाल लागले की नाशिकच्या पालकांचे तेच प्रश्न सुरू होतात. 'एआयला कुठं लागेल? नाहीतर डेटा सायन्स? पुण्याला पाठवू का?' त्या जागेसाठी कर्ज काढायला निघालेल्यांना मी स्पष्ट सांगतो : शाखेच्या नावाला कुणी पगार देत नाही. मेडिकल, सीए, स्पर्धा परीक्षा यांची माहिती तुम्हाला गल्लोगल्ली मिळते, म्हणून आज एका दुर्लक्षित कामाबद्दल.

तुमचं एआयसुद्धा शेवटी सर्व्हरवरच चालतं आणि सर्व्हर कधीतरी सुरू व्हायला नकार देतो. सातपूर-अंबडचा कारखाना असो, पतसंस्था असो की हॉस्पिटल. स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नसल्याची ओळ आली की सगळं काम ठप्प. अशा वेळी डिस्क, रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) आणि लिनक्स या तिन्हींची जाण असलेला माणूस लागतो.

या कामात डोकं किती लागतं बघा. कोणती डिस्क कुठं जोडायची हे लिनक्सला सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये डिस्क 'एसडीबी' नावानं लिहिलेली असते. कुणीतरी नवी डिस्क लावतो, नावं बदलतात आणि सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो. त्याऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक, लिहिला असता तर हे घडलं नसतं. दुसरा प्रकार : 2019 मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 8 मधून काही जुन्या रेड कंट्रोलरचा आधार काढला गेला. अपग्रेड केलं की डिस्क ठणठणीत असूनही दिसत नाही. नवखा डिस्क बदलायला धावतो, जाणकार आधी ड्रायव्हर तपासतो. आणि दुसऱ्या सर्व्हरमधल्या डिस्क लावल्यावर कंट्रोलर 'फॉरेन कॉन्फिग' दाखवतो, तेव्हा 'इम्पोर्ट'ऐवजी घाईनं 'क्लिअर' दाबलं, तर डेटा गमावण्याची वेळ येते.

19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीन बंद पाडली. तिथं दोष स्टोरेजचा नव्हता, पण असंख्य ठिकाणी कुणाला तरी मशीनपुढं बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, अपडेटची ती सदोष फाइल हातानं काढावी लागली.

वाट साधी आहे : दहावीनंतर पॉलिटेक्निक किंवा आयटीआय, नाहीतर बारावीनंतर बीसीए. सोबत रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा. तिथं पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवायचं असतं आणि केलेला बदल रीबूटनंतरही टिकावा लागतो. ऐरोली, रबाळे, महापेची डेटा सेंटर नाशिकहून काही तासांवर आहेत. रात्रपाळी असते, मध्यरात्री फोन येतात; ज्याला घाबरल्यावर सुचत नाही, त्यानं इकडे येऊ नये.

खरा अडथळा मात्र घरातच असतो. मुलगा तासभर रेडबद्दल उत्साहानं बोलतो आणि वडील त्याच्यासमोरच म्हणतात, 'वायरी जोडायला शिकवलं का तुला?' पालकहो, हे बोलणं थांबवा. मुलाची आवड नातेवाइकांत सांगायला कमी वाटते म्हणून तुम्ही त्याला नको त्या शाखेत ढकलता. चार वर्षांनी बॅकलॉग त्याला काढावे लागतात, तुम्हाला नाही.

पसंतीक्रम भरण्याआधी घरच्या लॅपटॉपवर मोफत मिळणारं व्हर्च्युअलबॉक्स आणि त्यात अल्मालिनक्स ही लिनक्स प्रणाली बसवून द्या. मुलाला एफएसटॅब मुद्दाम बिघडवू दे, मशीन अडकू दे आणि त्याचं त्यालाच ते उठवू दे. तो रात्री जेवायला हाक मारूनही उठला नाही, तर कॉलेजांची यादी घेऊन मग माझ्याकडे या.