क्रौंचाच्या शोधातून ग्रामपंचायतीला धडा

पुण्यात १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटीची स्थापना करणारे प्रकाश गोळे यांनी काळ्या मानेच्या क्रौंचाच्या अभ्यासासाठी लडाख व भूतान या दुर्गम पर्वतीय प्रदेशांत भ्रमंती केली. अशा प्रत्यक्ष पाहणीतूनच संकटाचे नेमके कारण हाती येते. लडाखमध्ये भटके कुत्रे या पक्ष्याची अंडी व पिले खातात, हे घरट्यांजवळ गेल्यावाचून कळले नसते. भूतानच्या फोबजिखा खोऱ्यात तर क्रौंचांना अपाय होऊ नये म्हणून विजेच्या तारा जमिनीखालून नेण्यात आल्या.

हिंगोली जिल्ह्यातही अशा पाहणीची निकड आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायतींनी जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. शेजारच्या गावाची नक्कल करून भरलेली नोंदवही निरुपयोगी होय. सिद्धेश्वर व इसापूर जलाशयांकाठच्या गावांनी दर हिवाळ्यात ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी पक्षी मोजावेत आणि तारीख, स्थळ, संख्या व पाण्याची पातळी लिहावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सोबत न्यावे; मच्छीमार व गुराखी यांची माहिती त्यांच्याच शब्दांत नोंदवावी. उद्या पाणथळ जागेवर अतिक्रमण झाल्यास ग्रामसभेपुढे हीच नोंद पुरावा म्हणून उभी राहील.