पहिली वेबसाइट : पाटी आपली, किल्लीही आपली

दुकान भाड्याचे असले तरी पाटीवरचे नाव आपले असते. जागा बदलली तर पाटी नव्या जागी लावता येते आणि गिऱ्हाईक त्या नावावर तेथेही येते. वेबसाइटचेही तसेच आहे. पहिल्यांदाच वेबसाइट काढू पाहणाऱ्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी त्यातील मुख्य बाबी आम्ही येथे देत आहोत.

वेबसाइटला तीन गोष्टी लागतात. पहिली नाव, त्याला डोमेन म्हणतात. दुसरी जागा, म्हणजे आपली पाने ज्या संगणकावर रात्रंदिवस ठेवलेली असतात ती. तिला होस्टिंग म्हणतात. तिसरी मजकूर व छायाचित्रे. नाव म्हणजे पाटी, होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा, मजकूर म्हणजे मांडलेला माल.

नाव कायमचे विकत मिळत नाही. ते एक ते दहा वर्षांसाठी नोंदवता येते. मुदतीत नूतनीकरण केले नाही, तर काही काळाने ते दुसरा कोणीही घेऊ शकतो. 'डॉट इन' नावे २००५ पासून सर्वांना खुली झाली. २०१४ पासून देवनागरीतील 'डॉट भारत' नावेही मिळतात.

फुकट मिळणाऱ्या जागेवर शिकायला हरकत नाही, पण धंदा तिच्यावर सोपवू नये. गूगलने लहान दुकानदारांना दिलेल्या फुकट वेबसाइटी मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांनी तोच पत्ता कार्डावर व पाटीवर छापला होता, त्यांची छपाई वाया गेली. स्वतःचे नाव नोंदवलेले असले, तर तेच नाव दुसऱ्या होस्टिंगला जोडता येते.

आता समजा, जाफराबादेत एखाद्या बांधवाचे लाकडी फर्निचरचे काम आहे आणि त्यांना भोकरदन, देऊळगाव राजाकडचेही गिऱ्हाईक हवे आहे. त्यांना सुरुवातीला एकच पान पुरे. त्यावर पुढील बाबी असाव्यात :

१) दुकानाचे नाव, पूर्ण पत्ता, फोन.
२) काय बनवतो, कोणत्या लाकडाचे, किती दिवसांत.
३) स्वतः केलेल्या कामाची पाच-सहा छायाचित्रे. दुसऱ्याच्या मालाची लावू नयेत.
४) दराचा अंदाज, पोहोचवण्याचा खर्च वेगळा असल्यास तसे स्पष्ट.
५) दुकानाची वेळ. शुक्रवारी दुपारी बंद असेल तर तेही.

पुढे वेबसाइटवरूनच ऑर्डर घ्यायची झाल्यास २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. मग एकूण किंमत, माल परत घेण्याच्या अटी व तक्रारीसाठी संपर्क देणे आवश्यक आहे.

हे काम बहुधा संगणकाच्या दुकानातून किंवा घरातल्या एखाद्या मुलाकडून करून घेतले जाते. त्यात गैर काही नाही; मात्र नावाची नोंद करताना समोर बसावे. मालक म्हणून आपलेच नाव, आपलाच ई-मेल आणि आपलाच मोबाइल लिहिला आहे, हे पाहावे. मुदत संपत आल्याची सूचना त्याच ई-मेलवर येते. तो दुसऱ्याचा असेल आणि ती व्यक्ती उद्या गाव सोडून गेली, तर नाव हातचे जाईल. पावती आपल्या नावाची घ्यावी. पासवर्ड वहीत लिहून कुलपात ठेवावा आणि मुदतीची तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर टिपावी.

पान साधे असले तर पुढे सुधारता येते. नाव दुसऱ्याच्या हाती गेले तर ते परत मिळवणे अवघड असते. म्हणून आधी नावाची नोंद पक्की करावी, सजावट मागाहून.