फवारणी ड्रोन : रिमोट व रिसीव्हरची जोडणी

महाड व पोलादपूर तालुक्यांत डोंगरउतारावरील भातखाचरांत ड्रोनने फवारणी करताना रिमोट व ड्रोनमधील रिसीव्हर यांची जोडणी, म्हणजेच 'बाइंडिंग', समजून घेणे आवश्यक आहे.

प्रत्येक रिमोटला सांकेतिक क्रमांक असतो. बाइंडिंगच्या वेळी रिसीव्हर तो साठवून ठेवतो व पुढे त्याच रिमोटचे आदेश मानतो. बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात ठरावीक क्रमाने वाहिन्या बदलतात. त्यामुळे शेजारच्या रिमोटचा अडथळा सहसा येत नाही.

मात्र जोडणी झाली म्हणजे संपर्क टिकेलच असे नाही. मध्ये डोंगराची सोंड आल्यास तो तुटतो. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१) टाकी रिकामी करून व पंखे काढूनच माहितीपुस्तिकेप्रमाणे बाइंडिंग करावे.
२) त्यानंतर रिमोट बंद करून, संपर्क तुटल्याची नोंद ड्रोन घेतो का, हे तपासावे.
३) परतीची उंची साधारणतः उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते. ती वरच्या बाजूची झाडे व विजेच्या तारा यांहून जास्त ठेवावी.
४) ड्रोन सतत दिसेल अशा उंच बांधावर उभे राहावे.

एवढी दक्षता घेतल्यास भरल्या टाकीचा ड्रोन खालच्या खाचरात राबणाऱ्या माणसांवर कोसळण्याचा धोका कमी होतो.